बुटक्या टेबलाचे वाढीव पाय

मी एक जुने, बुटके टेबल आहे. उंची जेमतेम दीड फूट, पाय चार, आणि पाठीवर मधोमध लाकडाची एक काळी गाठ. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार गुणी असतात. त्या झिजतात, सोसतात आणि कुणाबद्दल वाकडा शब्द काढत नाहीत. मी तसा नाही. मी जन्मभर एकावर जळत आलो आहे, आणि तो कुणी परका नाही, माझा सख्खा भाऊ आहे.

आम्हा दोघांना या घरातल्या आजोबांनी घडवले. आजोबा सुतार. तरुणपणी त्यांनी एका मोठ्या ओंडक्यातून घरासाठी जेवणाचे टेबल केले. ओंडक्याचा सरळ, निर्मळ भाग सगळा त्यात गेला. गाठीचा एक तुकडा उरला, तो कोपऱ्यात धूळ खात पडला. तोच मी. पुढे त्यांची मुलगी चालायला लागली आणि एके दिवशी मोठ्या टेबलाचे कापड ओढून कढत सूप अंगावर घेता घेता थोडक्यात वाचली. तेव्हा आजोबांना माझी आठवण झाली. त्यांनी मला रंधा मारला, चार आखूड पाय लावले आणि मुलांना बसायला ठेंगणे टेबल तयार केले. थोरल्याला घडवायला त्यांना तीन महिने लागले होते. माझे एका दुपारीत उरकले. हे मी विसरलेलो नाही.

थोरल्याचा तोरा काय सांगावा. पाहुणे आले की त्याच्यावरून हात फिरवत आणि म्हणत, काय लाकूड आहे. लाकूड माझेही तेच होते, पण माझ्यावरून हात फिरवला की हाताला जॅम चिकटे. त्याला वर्षातून एकदा पॉलिश, मला रोज ओले फडके. घरातली महत्त्वाची पत्रे, फुलदाणी, मोठ्यांच्या गंभीर गोष्टी, सगळे त्याच्याकडे. माझ्याकडे सांडलेले दूध, तुटलेले खडू आणि एकदा दोऱ्याला बांधलेला दुधाचा दात. काम झाले की मला त्याच्याच खाली सरकवून ठेवीत. म्हणजे माझ्या डोक्यावर कायम त्याचे पोट. पॉलिश होई ते फक्त वरून. खालून तो कोरा आणि खरखरीत होता, पण खाली वाकून बघणार कोण?

माझ्या पोटाची गोष्ट निराळी. या घरात एक पद्धत होती. बसल्या बसल्या मुलाचे गुडघे माझ्या फळीला आपटायला लागले, की त्याला थोरल्याकडे बढती मिळे. जाण्यापूर्वी ते मूल माझ्याखाली उताणे झोपून माझ्या पोटावर आपली खूण काढी. पहिली खूण त्याच मुलीची, कापड ओढणारीची. तिने लाल पेन्सिलीने मासा काढला. मग तिच्या भावाचे विमान आले. मग चुलत-मावस भावंडांच्या छत्र्या, चाके आणि एक तीन पायांचा घोडा. एकूण नऊ खुणा. आपल्याला नऊ जण सोडून गेले, एवढाच मी त्यांचा अर्थ लावत असे. जाताना प्रत्येकाचा चेहरा इतका फुललेला असे की माझ्या पोटात दुखे.

वर्षे गेली. मासा काढणारी मुलगी मोठी झाली आणि तिच्या भावाला दोन मुले झाली. ती तिला आत्या म्हणत. थोरली सात वर्षांची, पण अंगाने इतकी लहान की सगळे तिला मुंगीच म्हणत. धाकटा गुंड्या, वय वर्षे तीन. मुंगी रोज माझ्यापाशी बसून टाचा उचले, पंजे ताणे आणि गुडघे माझ्या फळीला लागतात का ते बघे. चार बोटे कमी पडत. मग ती थोरल्याकडे असे काही बघे की मला वाटे, या घरात माझ्या मनातले कळणारे कुणी असेल तर ही.

अशात आत्याचे लग्न ठरले. हॉल नको, बाहेरची माणसे नकोत, सगळे घरच्या घरी करायचे, असे आत्यानेच सांगितले. मुंगीच्या आईने केक आणि स्वयंपाक अंगावर घेतला. बाबांनी अंगणात दिव्यांच्या माळा लावल्या, काढल्या आणि पुन्हा लावल्या. आत्याने मुंगीला जवळ घेऊन सांगितले, की गुडघ्यांचे नंतर बघू, माझ्या लग्नात तू मोठ्या टेबलावर, माझ्या शेजारी बसायचे. त्या दिवसापासून मुंगीचे पाय जमिनीवर ठरेनात.

बसण्याची व्यवस्था होती आजोबांच्या धाकट्या भावाकडे. त्यांच्या खिशात कायम मापाची टेप, म्हणून त्यांना सगळे मोजकाका म्हणत. त्यांनी कागदावर माणसे मांडली. जेवायला सोळा, थोरल्याभोवती जागा चौदा. त्यांनी थोरल्याचे माप घेतले, मग वाकून माझे घेतले आणि त्यांचे डोळे चमकले. माझी रुंदी थोरल्याएवढीच होती. मला खाली जोडपाय लावून उंच करायचे, त्याच्या टोकाला भिडवायचे, वर एकच लांब कापड घालायचे, की दोन जागा वाढल्या. मोजकाका खूश होऊन म्हणाले, "आणि लग्नानंतर पाय काढायचेच नाहीत. पक्के करून टाकू. मुलं काय, वाढतातच की."

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. जन्मभर ज्याच्या पोटाखाली दिवस काढले, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणार, आणि तेही कायमचा. मोजकाकांनी प्रत्येक पायाला ठोकळा लावून चार-चार स्क्रू पिळले. मी हूं की चूं केले नाही. आजोबा आरामखुर्चीतून बघत होते. हात थरथरतात म्हणून त्यांनी हत्यारे ठेवून दिली होती. ते एवढेच म्हणाले, "जोड दिसणार." मला त्यांचा राग आला. एका दुपारीत उरकलेल्याचे बरे झालेले यांना बघवत नाही, असे वाटले.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्हा दोघांवर पांढरे कापड पसरले. गाठ झाकली गेली. माझ्यावर काचेचे पेले आले, घडी घातलेले रुमाल आले. अंगणात आत्याने आणि नवरदेवाने एकमेकांना वचने दिली, वहीत सह्या केल्या, टाळ्या झाल्या. तोवर मी सरळ उभा राहून थोरल्याला मनातल्या मनात ऐकवत होतो, की बघ, आता कोण थोरला आणि कोण धाकटा ते सांगून दाखव.

मग माणसे जेवायला आली आणि मोजकाकांच्या कागदाप्रमाणे बसू लागली. आत्या आणि नवरदेव मधोमध. आत्याच्या एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला त्याची आई. पाहुण्यांचा मान, त्याला कोण काय बोलणार? मुंगीची खुर्ची माझ्या टोकाला, आत्यापासून सर्वांत दूर. खुर्चीवर दोन उशा, तरी ताट तिच्या हनुवटीला. समोर नवरदेवाचे विम्याचे काम करणारे मामा. ते तिच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाला हप्ते समजावून सांगत होते. मुंगी काही खात नव्हती. ती आत्याकडे बघत होती, आणि आत्या नवरदेवाच्या कानात काहीतरी सांगून हसत होती. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी थोरल्याकडे तसाच बघत आलो आहे.

एवढ्यात मुले आली. गुंड्या, नवरदेवाच्या बहिणीच्या दोन मुली आणि शेजारची जुळी. पाचही जण हातात ताटे घेऊन जेवणघरात आले आणि नेहमीच्या जागी मला शोधू लागले. मी नव्हतो. मुंगीच्या आईने हातातले भांडे खाली ठेवले आणि मोजकाकांना विचारले, की मुलांना कुठे बसवले आहे? मोजकाकांनी कागद उलटा करून पाहिला. खरे सांगायचे तर या घरात मुलांना मोजायची पद्धतच नव्हती. मुले बुटक्यापाशी, म्हणजे त्यांचे झाले, असेच इतकी वर्षे चालले होते. बुटक्यालाच वर नेल्यावर मुले कुठे जाणार, हे टेप लावणाऱ्याच्याही ध्यानात आले नाही. शेवटी पोरांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवले. जुळ्यांनी एकमेकांच्या ताटात पाय दिला. गुंड्याने ताट धरले नाही, बसला नाही, फक्त "माझं टेबल कुठंय" म्हणून भोकाड पसरले. मी होतो हाताच्या अंतरावर, पण पांढऱ्या कापडात त्याने मला ओळखले नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मला माझे पेले सांभाळायचे होते.

त्या गोंधळात मुंगी उशांवरून घसरली आणि कापड उचलून माझ्याखाली येऊन बसली. माझी उंची वाढली होती, त्यामुळे तिला ताठ बसता आले. तिने वर पाहिले, विमान पाहिले, घोडा पाहिला आणि माशावरून बोट फिरवले. मग गुडघ्यांत डोके घालून बसली. वरचे कुणी तिला शोधत नव्हते. मामांचे हप्ते अजून चालले होते.

थोड्या वेळाने कापडाचा काठ पुन्हा उचलला गेला आणि लग्नाच्या पोशाखाचा सगळा घेर गोळा करत आत्या आत आली.

"खुर्ची रिकामी दिसली," ती म्हणाली. "इथं काय करतेस?"

"तू शेजारी म्हणाली होतीस."

आत्या तिच्या शेजारी टेकली. "म्हणाले होते. आणि मग लक्षातच राहिलं नाही. चुकलं माझं."

"तुझा मासा आहे अजून," मुंगी वर बघत म्हणाली. "सगळ्यांचं काहीतरी आहे. माझंच नाही. मी इथं खालची पण नाही आणि वरची पण नाही. उद्यापासून तर तू पण नसणार."

 आत्याने मान वर करून माशाकडे पाहिले, मग त्या नऊही खुणांकडे. जिन्यावरून गुंड्याचे रडणे ऐकू येत होते. ती बाहेर आली आणि मोजकाकांना म्हणाली, "काका, याचे पाय काढा."

"आत्ता? लोक जेवतायत."

"आत्ताच. मुलं जिन्यावर आहेत."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला, तो अर्धा तासही टिकू नये? माझ्यावरचे पेले उचलले गेले, कापड मागे सारले गेले. मोजकाका स्क्रू ड्रायव्हर शोधू लागले, पण तो आजोबांच्या हातात होता. ते केव्हा उठून आले कुणाला कळले नाही. हात थरथरत होते, तरी त्यांनी सोळाच्या सोळा स्क्रू स्वतः काढले. मध्येच ते हळूच म्हणाले, "हे टेबल मी कमी उंचीचं केलं, ते चुकून नव्हे." कुणाला म्हणाले ठाऊक नाही. ऐकणारा मी एकटाच होतो, आणि थोरल्याने मात्र ते ऐकायलाच हवे होते असे मला वाटले.

मला जमिनीवर उतरवले. गुंड्याने रडे आवरून माझ्या गाठीवर ताट आदळले. पाचही मुले माझ्याभोवती बसली, आणि त्यांच्यात मुंगी, आणि तिच्या अगदी शेजारी, छोट्या स्टुलावर, घेर सावरत आत्या. नवरदेवही येऊन बसला. त्याचे गुडघे माझ्या फळीला लागलेच, नंतर जवळजवळ कानाला लागले. वर दोन खुर्च्या मोकळ्या झाल्या. एकीवर मामा गेले. दुसरीवर मोजकाका बसले, कारण ते इतका वेळ उभेच होते. यादी करताना त्यांनी मुलांबरोबर स्वतःलाही मोजले नव्हते.

त्या जेवणात माझ्यावर तीनदा सरबत सांडले. थोरला वर पांढऱ्या कापडात चकाकत होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. ते पाहून मला बरे वाटले. माझा स्वभाव असा आहे, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी घरात शुकशुकाट होता. जेवायला बसताना सगळ्यांचे लक्ष एकाच जागी गेले. थोरल्यापाशी आत्याची रोजची खुर्ची रिकामी होती. आई मुंगीला म्हणाली, की आत्या जाताना सांगून गेली आहे, ती खुर्ची आता तुझी. मुंगी उठली, पण आधी खडू घेऊन माझ्याखाली उताणी झाली. माशाला लागून तिने सहा पायांची एक काळी मुंगी काढली. जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश. मग हात झटकून ती वर गेली. तिचाही चेहरा फुललेला होता. दहावी. मी पुन्हा जळलो, आणि या वेळी नेहमीपेक्षा जास्त.

मित्रांनो, या गोष्टीतून काही घ्यायचेच असेल तर एवढे घ्या. तुमच्या घरात एखादे बुटके टेबल असेल, तर ते पुसा, त्याचे डगमगणारे पाय घट्ट करा, पण ते वाढवू नका. घरी कार्य निघाले, तर लहानांना आधी मोजा. आणि एखाद्याला वर न्यायचे ठरवाल, तेव्हा एकदा वाकून त्याच्या खाली कुणाकुणाच्या खुणा आहेत ते बघा.

गुंड्याचे जेवण झाले की मला अजूनही थोरल्याखाली सरकवतात. वर मोठी माणसे सावकाश जेवत असतात, मुंगीही त्यांच्यात ताठ बसून पाण्याचा पेला मोठ्यांसारखा धरते. पण त्या खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला पोहोचत नाहीत. ती ते माझ्यावर ठेवते. थोरल्याला याची गंधवार्ता नाही, आणि मी त्याला सांगणार नाही.