एका माइकवरचा आवाज

मुलुंडच्या सरावखोलीत सौरभने नवे ध्वनिमुद्रण लावले आणि दुसऱ्याच ओळीला गंधालीच्या कपाळाला आठी पडली. तिचा आवाज फारच चांगला लागला होता. शंकेला एवढे कारण पुरे होते.

‘घाटवाट’ बँडचे हे पहिलेच गाणे, इतक्या वर्षांनी नव्याने गायलेले. बँजो म्हटले की लोकांना मिरवणुकीतला बँजो आठवायचा. अमेरिकी खेड्यांच्या ढंगाची मराठी गाणी त्यांच्या गळी उतरवताना गंधाली, सौरभ आणि मँडोलिन वाजवणारा देवव्रत या तिघांच्या नाकी नऊ आले होते. पण एक रिवाज त्यांनी कधी मोडला नाही. तिघे एकाच माइकभोवती उभे राहत. ज्याची ओळ तो पुढे सरके, बाकीचे मागे हटत. आवाज लहानमोठा होई तो पायांनी.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंधालीचे वरचे स्वर गेले होते. बँड तिने उभा केलेला. त्यात आता तिला जागा आहे की नाही, हा प्रश्न तिघांच्या मनात होता आणि कोणी तो उच्चारत नव्हते.

“झकास ना?” सौरभने विचारले.

“मी पुढे सरकले की देवव्रतचं मँडोलिन दबतं. इथे का नाही दबलं?”

“सॉफ्टवेअर सगळं सुटं करतं गं आजकाल,” देवव्रत मँडोलिन पुसत पुटपुटला.

गंधाली रसायनशास्त्र शिकवत असे. तिने ही शक्यताही तपासून पाहिली. “सुटं करेल. गेलेला स्वर कुठून आणेल? सौरभ, हा गळा कोणाचा?”

“तुझाच, यार! आईशप्पथ. पहिल्या रेकॉर्डिंगमधला. अंधेरीच्या स्टुडिओत काढून बसवला.”

“आणि जुहूच्या कार्यक्रमात? तिथे कोणाला बसवणार?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर त्या नजरेतच होते. तरी ती थांबली.

“ती दुसरी गायिका, ऋतिका, तिला विचारून ठेवलंय,” सौरभ म्हणाला. “फक्त वरच्या स्वरांपुरतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“वाटलं. आता गाणं खालच्या पट्टीत घ्या.”

“मँडोलिन मरेल गं तिथे!” देवव्रत कळवळला. “सुतकात वाजवल्यासारखं वाटेल.”

“ते वाजवल्यावर कळेल. तुम्ही प्रयोगाआधीच निकाल लावून मोकळे झालात.”

देवव्रतने तारा ढिल्या करून सूर खाली आणला. सौरभने माइक मधोमध ओढला. गंधाली आपल्या जागी उभी राहिली आणि पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी, दोघांच्या देखत, तिने स्वतःचा फोन रेकॉर्डिंगला लावला.