जास्वंदीचं व्हिटॅमिन

औशाच्या बैलबाजारात अण्णारावांनी जबडा उघडून, दात मोजून बैलाचं वय सांगितल्याशिवाय सौदा पक्का होत नसे. हा मान चाळीस वर्षांचा. तो गेला मानेवरच्या एका खपलीपायी.

लातूरच्या डॉक्टरांनी खपली तपासली, त्वचेचा कॅन्सर निघाला, आणि त्यांनी ती कापून टाकली. सगळी निघाली, भिऊ नका, पण उन्हाला जपा, असं बजावलं. त्यांच्या बायकोनं, सिंधुताईंनी, ते इतकं मनावर घेतलं की अण्णाराव खिडकीपाशी बसले तरी त्या पडदा ओढत. आणि बाजार तर उघड्या माळावर भरायचा.

पुढच्या खेपेला रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी फक्त नऊ, हवं निदान तीस. अण्णारावांचा चेहरा खुलला. आता डॉक्टर झक मारत ऊन लिहून देणार! डॉक्टरांनी लिहून दिली पुडी. आठवड्याला एक, दुधातून, तीन महिने.

अण्णारावही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पुडीचा गुणच आला नाही तर डॉक्टर जातील कुठे? दर रविवारी सिंधुताई पुडी घातलेलं साखरेचं दूध समोर ठेवत, आणि त्यांची पाठ वळली की ते ओसरीवरच्या जास्वंदीच्या कुंडीत जाई. मग अण्णाराव मिशा पुसून धपाटी-दह्यावर ताव मारत. दही अलीकडे जरा गोडसर लागायचं. पण एवढी चोरी करून वर दह्याला नावं कोण ठेवणार?

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. बेचाळीस. डॉक्टर खूश, आणि अण्णाराव म्हणतात यंत्र बिघडलंय, पुन्हा बघा. चांगल्या रिपोर्टवर भांडणारा पेशंट डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हा सिंधुताईंनी तोंड उघडलं. "तीन रविवार जास्वंद प्याली. कुंडीला मुंग्या लागल्या तवा कळलं मला. चवथ्यापासून पुडी दह्यात हाय."

पुढचं त्या हळूच म्हणाल्या, "बाजाराला दुसरा दात बघणारा मिळंल. मला कोण मिळंल?"

अण्णारावांना लाज वाटली, अगदी मनापासून. मग त्यांनी डॉक्टरांना सरळच विचारलं. सकाळी लवकर, पूर्ण बाह्या, मानेला उपरणं आणि डोक्यावर छत्री असेल तर थोडा वेळ चालेल, असं डॉक्टर म्हणाले. पण बैलाचा जबडा उघडायला दोन्ही हात लागतात. छत्री कोण धरणार?

पुढच्या बाजाराला अण्णाराव बैलापुढे वाकलेले आणि मागे काळी छत्री धरून सिंधुताई उभ्या. लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते, पण अण्णारावांना आज त्याचं काही वाटत नव्हतं.

"सहा दाती," त्यांनी निकाल दिला.

"आठ," छत्रीखालून आवाज आला.

अण्णारावांनी पुन्हा मोजले. आठच होते. तिसऱ्या बाजारापासून लोक बैल घेऊन थेट छत्रीकडेच येऊ लागले.