ऐकणारीच्या अक्षता

वसुमतीबाईंनी समईची वात पुढं सारली आणि सुनेच्या उजव्या मुठीत अक्षता घातल्या.

"घट्ट धर गं. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही."

"माहीत आहे, आई." अनुषानं डाव्या हातानं पिशवीतून जाड पुस्तक काढलं. "आधी हे स्वल्प, जरासंच, बघता? कालच छापून आलं. तुमचीच कहाणी आहे, चित्रांत."

"माझी? अगंबाई!" पदराला हात पुसून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं.

काही वर्षांपूर्वी अनुषाच्या नवऱ्याचं, श्रीहर्षचं, जहाज बेपत्ता झालं त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं होतं, आणि लेक परत यावा म्हणून रोज सकाळी समुद्राची कहाणी धरली होती. दर्यावर गेलेला वाण्याचा मुलगा, दारात दिवा ठेवणारी आई, शेवटी धक्क्याला लागलेलं गलबत. कानडी मुलखात, चामराजपेटेत आयुष्य गेलेल्या बाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. कहाणीत होता तेवढाच तिचा. पण नेम असा, की सांगणारीसमोर ऐकणारी हवी आणि तिनं वाक्यावाक्याला हुं द्यायला हवा. हुं मोडला की फळ मोडलं. "ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, पण आमची अनुषा हुं चुकवायची नाही," असं त्या शेजारच्या कस्तुराबाईंना ऐकवत.

पानांवर निळं पाणी पसरलं होतं. लाटा एका म्हातारीच्या तोंडातून निघत होत्या.

"कुड्यासुद्धा माझ्याच! हनुवटी मात्र फारच लांब केलीस हं."

अनुषा हसली नाही.

वसुमतीबाई शेवटच्या पानावर आल्या. ओसाड धक्का. म्हातारी सांगतेच आहे, आणि समोर रिकामा पाट.

"गलबत कुठाय?"

त्यांनी रिकाम्या पाटावर बोट ठेवलं.

"आणि ह्या पाटावर तू हवीस ना?"

"ती उठून गेली, आई."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी." अनुषा आपल्या मुठीकडं बघत होती. "तुम्हांला वाईट वाटेल म्हणून हुं म्हणत राहिले. आता नाही होत माझ्याच्यानं."

समईची वात चुरचुरली. वसुमतीबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"म्हणजे मी त्याच्यासाठी मीठ सोडलं, आणि तू त्याच्यावर पाणी सोडलंस."

त्यांनी सुनेची मूठ एकेक बोट करून उघडली, अक्षता आपल्या डाव्या मुठीत घेतल्या.

"आई, ऐका तरी…"

"सरी, असू दे. जा आता. उशीर होईल तुला."

पुस्तक मिटून त्यांनी बाजूला ठेवलं आणि कहाणीला सुरुवात केली. मुलगा दर्यावर निघाला. हुं. आईनं दारात दिवा ठेवला. हुं. वारा सुटला, दिवा विझला नाही. हुं. सांगणारीही त्याच, ऐकणारीही त्याच. बाहेर अनुषा चपला घालत होती.

"आणि एके दिवशी गलबत धक्क्याला लागलं."

हुं आला नाही.

वसुमतीबाई थांबल्या. ओठ मिटलेलेच राहिले. डाव्या मुठीतल्या अक्षता घामानं तळव्याला चिकटल्या होत्या. दार लोटल्याचा आवाज झाला. पावलं जिना उतरू लागली.

तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं.