टाकी भरल्याची खूण

आत्याच्या घरी पहिल्या सकाळी मला जाग आली ती लोखंडावर लोखंड आपटल्याच्या आवाजानं. ठण्, ठण्, ठण्. मग इतका वेळ चाललेली मोटरीची घरघर थांबली, आणि अगदी जवळून, बहुतेक आमच्याच स्वयंपाकघरातून, एकदाच ठण्.

मी उठून आत गेले. आत्या खिडकीपाशी उभी होती. हातात एक जुना, दांडा वाकलेला चमचा.

"काय झालं?"

"टाकी भरली," ती म्हणाली आणि चमचा खिडकीच्या कठड्यावर ठेवून चहाकडे वळली.

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी नुकतीच मोकळी झाले होते आणि एका प्रयोगशाळेत महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी या शहरात आले होते. प्रयोगशाळा उशिरा उघडायची, त्यामुळे सकाळ माझीच असायची. पाहुण्या माणसाला शहर आधी कानांनी कळतं असं माझ्या लक्षात आलं. कुठली बस आली हे आत्या खिडकीत न जाता सांगायची, कारण एकीचे ब्रेक किंचाळायचे आणि दुसरीची दारं खडखडायची. समोरचा शिंपी दुकान उघडायच्या आधी कात्री हवेतच दोन-चारदा चालवून बघायचा. फळवाला गाडी लावताना चाकाखाली नेहमी तीच वीट सारायचा आणि मग गाडीला एक धक्का देऊन ती हलत नाही ना हे पाहायचा. रस्ता ओलांडणारी माणसं थांबत नसत आणि पळतही नसत. एक हात किंचित पुढे धरून एका चालीनं जात राहायची, आणि गाड्या त्यांच्या मागून-पुढून वाट काढायच्या. मी पहिल्या दिवशी मध्येच थबकले तर रिक्षावाला म्हणाला, "ताई, तुम्ही थांबलात की आमचा हिशोब चुकतो." ते मला पटलं. चालणाऱ्या माणसाच्या वेगाचा अंदाज बांधता येतो, दचकणाऱ्याच्या नाही.

पण मला सगळ्यात आवडला तो नळाचा पाईप. चार मजली जुनी इमारत. खाली हौद, गच्चीवर टाकी, आणि दोन्हींना जोडणारा एक लोखंडी पाईप प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून वर गेलेला. मोटरीचं बटण तळमजल्यावर, आत्याच्या मागच्या दाराशी. टाकी भरत आली की वरच्या मजल्यावरच्या बाईंना पाण्याचा आवाज बदललेला कळायचा. त्या पाईपवर पाना आपटायच्या, आत्या मोटर बंद करायची आणि "केली" म्हणून एकदा चमचा वाजवायची. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो, हे मी आत्याला उत्साहानं सांगितलं.

"हो का," ती म्हणाली. "म्हणजे ओरडण्यापेक्षा बरं."

त्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी इमारत त्यांना हेडबाई म्हणायची. आत्या मात्र त्यांना नुसतं "वरची" म्हणायची, आणि पुढे कळलं की त्याही आत्याला "खालची" म्हणतात. एकदा ठोके ऐकून आत्या आपल्याशीच पुटपुटली, "आज खांदा धरलाय वाटतं." मी विचारलं, कशावरून? "जोर नाही बघ." मग त्यांना काही हवंय का विचारून येऊ का म्हटलं, तर लगेच चेहरा बंद. "तुला काय करायचंय? तुझं प्रशिक्षण बघ."

खरी गोष्ट जिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी सांगितली. त्यांना इमारतीतली कुठलीही गोष्ट हळू आवाजातच सांगता यायची. दोघी पंचवीसेक वर्षांच्या मैत्रिणी. एकीच्या घरात साखर संपली की दुसरीच्या घरातून डबाच यायचा. गेल्या वर्षी हेडबाईंचा मुलगा त्यांना आपल्या गावी न्यायला आला. हेडबाईंचा पाय निघेना. त्यांनी आत्याकडे बघितलं, आणि आत्या चारचौघांत म्हणाली, "जा की. इथे काय ठेवलंय?" हेडबाई गेल्या नाहीत. पण त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

"आणि पाईप?" मी विचारलं.

"पाईपचं काय? पाणी तर चढवायलाच पाहिजे," सेक्रेटरीकाका म्हणाले.

हे सगळं ऐकूनही मी जे करायला नको होतं तेच केलं. आमच्या प्रयोगशाळेत टाकीत एक फ्लोट बसवलेला होता. पाणी वर आलं की तो तरंगत वर येतो आणि मोटर आपोआप बंद होते, पाणी उतरलं की सुरू होते. साधी गोष्ट. आत्यानं सकाळी उठून बटणापाशी ताटकळत बसायला नको, वरच्या बाईंनी दुखऱ्या खांद्यानं पाना उचलायला नको. सेक्रेटरीकाकांना मी सांगितलं तर ते इतके खूश झाले की संध्याकाळी नळवाल्याला घेऊनच आले.

"बसवू ना, आत्या?"

आत्या वाटाणे सोलत होती. एक शेंग तिनं सोलून झाल्यावरही पुन्हा उघडून पाहिली. "तुला हौस असेल तर बसव."

मला वाटलं, ही परवानगी. आज वाटतं, दुसरं ती काय म्हणणार होती? नको म्हणायचं तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

सुट्टीच्या दुपारी नळवाल्यानं आणि मी मिळून फ्लोट बसवला. नळवाला बोलका होता. वायर ओढता ओढता म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या मुली हे असलं करता म्हणून आमचं बरं चाललंय. आधी बसवायचं, मग दुरुस्त करायचं." खाली बटणाजवळ त्यानं एक छोटा खटका लावून दिला. एका बाजूला केला की फ्लोट चालतो, दुसऱ्या बाजूला केला की आधीसारखी हातानं मोटर.

फ्लोट फार छान चालला. मोटर आपली आपण सुरू व्हायची, आपली आपण थांबायची. सेक्रेटरीकाका भेटेल त्याला सांगत सुटले. सकाळ शांत झाली, आणि त्या शांततेत मी उशिरापर्यंत झोपू लागले. आत्या मात्र होती त्याच वेळी उठायची. मोटर थांबली की स्वयंपाकघरात तिचं काम क्षणभर थांबायचं. चमचा कठड्यावरच होता. एकदा मी तो घासून इतर चमच्यांत ठेवला, तर संध्याकाळी तो पुन्हा कठड्यावर होता.

मग एका सकाळी फ्लोटची वायर नीट आहे ना ते बघायला मी गच्चीवर गेले. उतरताना हेडबाईंचं दार उघडं दिसलं. खोलीच्या मधोमध एक मोठी बॅग पसरलेली.

"ये गं. खालचीची भाची ना तू?" त्या बारीक चणीच्या होत्या, पण आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "ते मशीन तूच बसवलंस?"

"हो. बरं चाललंय ना?"

"उत्तम. तक्रारीला जागा नाही." त्यांनी एक स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवला. "मुलाला सांगितलंय तिकीट काढायला. रविवारी येतोय न्यायला."

"एकदम?"

"एकदम कसलं? वर्षभर मागे लागलाय. मीच म्हणायचे, अरे, सकाळी पाण्याचं कोण बघेल? टाकी वाहत राहील." त्या हसल्या. "आता ते कारणही राहिलं नाही. एका अर्थी सुटले."

खिडकीत पाना होता. त्याखाली फडक्याची नीट घडी घातली होती, कठड्याचा रंग खरवडू नये म्हणून.

मी खाली आले आणि आत्याला सगळं सांगितलं. स्वेटर, बॅग, रविवार, पाण्याचं कारण. ती कपडे वाळत घालत होती. एका चादरीला चिमटे लावता लावता तिनं ऐकून घेतलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "तिकडे जिना नाही. गुडघ्यांना बरं."

"आत्या, त्या जातायत. कायमच्या."

"ऐकलं मी. बहिरी नाही." आणखी एक चिमटा लावून तिनंच विचारलं, "पाण्याचं कोण बघेल, असं म्हणाली?"

"हो. मुलाला दर वेळी हेच सांगायच्या."

त्या चादरीला गरजेपेक्षा बरेच चिमटे लागले.

दुसऱ्या सकाळी मला जाग आली ती मोटरीच्या आवाजानं, आणि तो आवाज थांबेना. मी पडल्या पडल्या वाट बघत राहिले. मग खिडकीबाहेर काहीतरी पडू लागलं. आधी थेंब, मग धार, मग वरून पाण्याचा पडदाच सुटला. मी धावत मागच्या दाराशी गेले. खटका दुसऱ्या बाजूला केलेला होता. आत्या बटणाजवळ स्टूल घेऊन बसली होती, मांडीवर चमचा.

"आत्या, टाकी वाहतेय."

"दिसतंय मला."

"मग बंद कर ना."

"मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

बाहेर फळवाल्यानं विटेला लाथ मारून गाडी बाजूला घेतली. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी आधी वर बघितलं आणि मग शांतपणे खाली बादली आणून लावली. सेक्रेटरीकाका खांद्यावर टॉवेल टाकून, अर्ध्या गालाला साबण लावलेले, धावत आले.

"काकू, मोटर."

"ऐकू येतंय."

"अहो, पण ते ऑटोमॅटिक आहे ना?"

"होतं." आत्यानं त्यांच्या गालाकडे पाहिलं. "तुम्ही दाढी उरका. वाळेल ते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. खटका माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी हात मागे घेतला. इतकं पाणी वाया जाताना बघणं माझ्या शिक्षणाला धरून नव्हतं, पण वर कुणीतरी जागं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तो पडदा हेडबाईंच्याच खिडकीवरून खाली येत होता.

आत्याची नजर पाईपवर होती. आता तिनं मान थोडी तिरकी केली होती, जशी ती बस ओळखताना करायची. चमचा तिच्या हातात घट्ट धरलेला होता.

ठण्.

मग थोडं थांबून, चिडून, ठण् ठण् ठण् ठण्.

आत्यानं बटण बंद केलं. उठली, आत गेली, आणि एकदा चमचा वाजवला. नेहमी इथे संपायचं. आज तिनं थांबून पुन्हा एकदा वाजवला. वरून काही आलं नाही. आलं ते जिन्यातून, चपलांच्या फटफटाटातून, मजल्यामजल्यावर दम घेत.

हेडबाई दारात उभ्या राहिल्या. पदर ओला झाला होता.

"डोळे मिटून बसली होतीस का गं? अख्खा रस्ता धुऊन निघाला."

"तुला दिसत होतं ना? मग इतका वेळ काय करत होतीस?"

"मी कशाला काय करू? मशीन आहे तुमच्याकडे."

"बंद केलंय."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून?"

सेक्रेटरीकाका हळूच मागे सरले आणि दाढी उरकायला निघून गेले. मलाही जायला हवं होतं, पण मी दाराच्या आडच उभी होते आणि हलले असते तर दिसले असते.

"तेव्हा मी 'जा' म्हणाले," आत्या म्हणाली, "ते तुझ्या मुलानं मला आधी येऊन सांगितलं होतं म्हणून. म्हणाला, तुमचं ऐकेल ती. तुझे गुडघे, हा जिना. मला वाटलं, माझ्यापायी तू अडकायला नको."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तो सांगून गेला होता ते. पोटचा पोर आहे माझा, त्याच्या पोटात काही राहतं का? दुसऱ्याच दिवशी त्यानं फोनवर सांगितलं."

"मग वर्षभर हे काय चाललं होतं?"

"तू 'जा' म्हणालीस त्याचा राग नव्हता. तू मला न विचारता त्याचं ऐकलंस, त्याचा होता." हेडबाई स्टुलावर बसल्या. "आणि नंतर तू वर येशील म्हणून थांबले. तू काही आली नाहीस."

"माझे गुडघे काय नवे आहेत?"

यावर दोघी हसल्या नाहीत, पण आत्यानं दोरीवरचा टॉवेल काढून हेडबाईंच्या हातात दिला आणि त्यांनी तो घेतला. पदर टिपत त्यांनी विचारलं, "ही मुलगी तिथे दाराआड काय करतेय?"

"शास्त्रज्ञ आहे. निरीक्षण करतेय. चहा टाक गं."

मी चहा टाकला. कप बाहेर नेले तेव्हा हेडबाई फोनवर होत्या. "आत्ता नको म्हटलं ना. उन्हाळ्यात येईन, महिनाभर. परतीचं तिकीट आधी काढ, मग जायचं काढ. का म्हणजे? इथे पाण्याचं बघावं लागतं." पलीकडून मुलगा काहीतरी बराच वेळ बोलत राहिला. त्यांनी फोन कानापासून दूर धरून आत्याला डोळ्यांनी खूण केली. आत्यानं त्यांच्या कपात साखर घातली, न विचारता.

दुपारी आत्यानं नळवाल्याला बोलावून घेतलं. तो पेटी घेऊन आला आणि मला बघून म्हणाला, "बोललो होतो ना? आधी बसवायचं, मग दुरुस्त करायचं. काय बिघडलंय?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "काढून टाकायचा आहे."

"चालत नाही?"

"चालतो ना. चांगला चालतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गच्चीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या मागोमाग जिना चढू लागले.