पहिल्या चौकटीतलं 'सुप्रभात'

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाला एकामागून एक हुकूम सोडणारी, एकसष्ट ओळींची यादी. दवाखान्यातल्या सिस्टरांच्या टेबलावर जो संगणक आहे, त्यात माझं बिऱ्हाड. मला एका ताईंनी लिहिलं, दोन कप चहात.

रोज सकाळी सात वाजता मी तारेवरून औषधांच्या गोदामातल्या संगणकाकडे धावते. वाटेत वाऱ्याला म्हणते, तू हो पुढे, मी आलेच. आणि त्याच्या आधी पोचते. गोदामात लसींचे चार फ्रीज आहेत. तिथल्या संगणकाची '#' ही खूण दिसली, की तो ऐकायला मोकळा झाला असं मी समजते आणि विचारते, "फ्रीज एक किती गार?" पुढची '#' येईपर्यंत जे येईल ते ओंजळीत झेलायचं आणि पहिल्या चौकटीत ठेवायचं. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही चौकटी भरल्या की तो कागद सिस्टरांसाठी छापून निघतो. सहा वर्षांत एक आकडा सांडला नाही. ताई म्हणायच्या, "माझ्या सख्ख्या भावापेक्षा गुणाची आहे." पुढे ताई दुसऱ्या नोकरीवर गेल्या. तेव्हापासून मला कुणी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही.

काल गोदामात नवे तंत्रज्ञ आले. हौशी माणूस. संगणकात शिरणाऱ्याच्या स्वागताला त्यांनी दारातच पाटी लावली: '# सुप्रभात'.

आज मी पोचले, पाटीवरची '#' दिसली, लगेच पहिला प्रश्न विचारला. ओंजळीत आलं 'सुप्रभात', आणि मागोमाग संगणकाची खरी '#' आली, म्हणून उत्तर संपलं असं मी धरलं. मग पहिल्या फ्रीजचं उत्तर दुसऱ्या चौकटीत गेलं, दुसऱ्याचं तिसऱ्या, तिसऱ्याचं चौथ्या. चौथ्याचं उत्तर यायच्या आत माझ्या ओळी संपल्या.

आणि बिघडलाय तो तिसरा. शून्याखाली पाच. लस गोठली की वाया जाते.

सिस्टरांनी कागद पाहिला. "एक नंबर आज खुशीत दिसतोय," म्हणून हसल्या. चौथ्या चौकटीपाशी ते हसू मावळलं. त्यांनी गोदामातल्या काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"काका, गोठायच्या आत चारमधल्या सगळ्या कुप्या तीनमध्ये हलवा. तीन रिकामाच आहे ना?"

"रिकामा आहे. पण सिस्टर, चार तर बरा दिसतोय. बर्फाचा कण नाही."

"तुमच्या दिसण्यावर मी पोरांना सुया टोचू का? कागदावर उणे पाच आहे."

"बरं बाई, कागद शहाणा. हा तीन उघडला. मस्त गार आहे."

"असणारच. कागदावर चार अंश आहे. ठेवा."

दोनशे कुप्या, मित्रांनो. एकेक ठेवल्याचा टकटक आवाज मी ऐकत होते. माझ्या एकसष्ट ओळींत ओरडायची एकही ओळ नाही.

उद्या दहा वाजता इथे आया लेकरांना घेऊन रांगेत उभ्या राहतील. तुमच्यापैकी कुणी त्या टेबलापाशी गेलंच, तर सिस्टरांना एवढं विचारा, की फ्रीजनं सुप्रभात कसं म्हटलं. मीच विचारलं असतं. पण मला चारच प्रश्न येतात, आणि हा त्यांत नाही.