हातावर उठलं

"हे बग, कसं झक्क उठलंय!"

बांगड्या कोपराकडे सारून काशीने हात नितेशच्या नाकासमोर धरला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला चांगलं लाल, सुजलेलं आणि मधे टणक असं काहीतरी होतं. जेवणाच्या ओळीत उभ्या असलेल्या कामगारांनीही माना पुढे केल्या. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅक्टरीचं कँटीन नितेशने ठेक्याने घेतलं होतं आणि काशी तिथे रांधायची. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं, ते माशाचं झणझणीत कालवण, असलं की घरून डबा आणणारेसुद्धा ओळीत शिरायचे.

हात मिरवण्याची अक्कल काशीच्या सासूची, हौसाची. "आमच्या येळंला देवी टोचायचे. ज्याला उठायची नाय त्याला मेला पुन्ना टोचायचा," म्हातारीने सांगितलं होतं. "उठलं म्हंजे लागू पडलं, गो." हौसालाही काशीबरोबरच टोचलं होतं. तिचं उठलं नाही, म्हणून ती रुसून बसली होती.

खरं तर हे टोचणं म्हणजे नुसती तपासणी आहे, हे आरोग्य केंद्रातल्या आफरीन सिस्टरने सांगितलं होतं. काशीचा भाऊ हरिश्चंद्र टीबी घेऊन मुंबईहून तिच्या घरी आला, म्हणून घरातल्या सगळ्यांनाच टोचलं होतं. चोळू नका, काही लावू नका, दोन दिवसांनी हात दाखवायला या, असंही सिस्टर म्हणाली होती. काशीने मान डोलावली होती. सरकारी दवाखान्यात माणसं आधी मान डोलावतात, ऐकतात नंतर.

"कसलं इंजेक्शन, मावशी?" समर्थने विचारलं. हा फिटर, बोलायला गोड पोरगा.

"टीबीचं. लस ती."

समर्थने मोबाईल काढला. काय वाचलं कोण जाणे, त्याचा चेहरा बदलला. "लस नाय ही. टेस्ट हाय. उठलं म्हंजे पॉझिटिव्ह."

करोनानंतर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ओळ मोडली. कुणीतरी वाढून घेतलेलं तिखलं तसंच टेबलावर ठेवून हात धुवायला पळाला. "चार वर्षं हिच्या हातचं खातोय आमी," मागून आवाज आला. जसं काही चार वर्षं विष खात होते! खाताना बोटं चाटत होते, ते नाही आठवलं मेल्यांना.

दुपारी आफरीनने काशीचा हात टेबलावर ठेवला आणि बॉलपेन कातडीवरून हळूहळू सरकवत नेलं. पेन अडलं तिथे खूण केली, मग दुसऱ्या बाजूने तसंच.

"एवढं मोठं लाल सोडून मधलंच काय मोजता?" काशी वैतागून म्हणाली.

"लाल मोजत नाहीत, मावशी. हाताला घट्ट लागतं तेवढंच मोजायचं." सिस्टरने पट्टी लावली. "पॉझिटिव्ह आहे. म्हणजे जंतू कधीतरी अंगात शिरलेत आणि तुमचं शरीर त्यांना ओळखतं, म्हणून हात सुजला. ते निजलेत की जागे झालेत, ते यावरून कळत नाही. त्याला छातीचा फोटो काढायचा."

फोटो काढला. स्वच्छ आला. खोकला नाही, ताप नाही.

"तुम्हाला आजार नाही आणि तुमच्यापासून कुणाला होणारही नाही," आफरीन म्हणाली. "पण निजलेले उठू नयेत म्हणून गोळ्या घ्या."

"आजार नाय तर गोळ्या कशाला?"

"बिळात जनावर आहे हे कळल्यावर तुम्ही तोंडाशी अंथरूण घालून निजाल का?"

काशी पहिल्यांदाच हसली.

ते हसू कँटीनच्या दारापर्यंतच टिकलं. फोटो स्वच्छ आहे म्हटल्यावर नितेश म्हणाला, "मला पटतंय ओ, मावशी. पण पोरांना कोण समजावनार? तुमी एक करा. त्या गोळ्या घेऊ नका. मी सांगतो, तपासलं, काय नाय निघालं. चार दिवसांनी इसरतील. गोळी दिसली तर मात्र मला दुसरी बाई बघायला लागंल."

"आनि मी आजारी पडले तर?"

"ते मग बगू."

काशीला असा संताप आला की हातातला झारा त्याच्या टाळक्यात घालावा. हरिश्चंद्रानेही हेच केलं होतं. मुंबईत खोलीवरचे गाववाले बाहेर काढतील या भीतीने त्याने गोळ्या लपवल्या, मग सोडल्या. गावी आला तेव्हा त्याला रिक्षातून उचलून उतरवावं लागलं. स्वतःच्या भावाला उचलताना तो जड लागत नाही, याचं दुःख काय असतं ते नितेशला कोण सांगणार?

पण काम जाणार, हेही तितकंच खरं होतं. घर त्याच कामावर चालत होतं. काशी रात्रभर हौसाशी भांडली, स्वतःशी भांडली आणि सकाळी कामावर गेली.

तिने तिखलं केलं, भात केला. जेवायच्या सुट्टीत ओळ लागली, पण पुढे कुणी येईना. तेव्हा काशीने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि कधी नव्हे ती मधल्या टेबलावर जाऊन बसली. तिथली माणसं उठली. ती सावकाश जेवली, काटे बाजूला काढून. मग पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली, सगळ्यांदेखत गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायली.

"मावशी, मी सांगितलं होतं," नितेश म्हणाला.

"ऐकलं होतं मी. उद्यापासून नाय येत."

तिने आपलं ताट घासलं, धुतलं आणि बाकीच्या ताटांच्या चळतीवर ठेवलं. पिशवी घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून पाहिलं, तर नितेश ते ताट दोन बोटांनी उचलून खिडकीत वेगळं ठेवत होता.

काशी परत आली. तिने खिडकीतलं ताट घेतलं, चळतीच्या मधोमध सारलं, खालची वर आणि वरची खाली करून सगळी ताटं नीट जुळवली, आणि निघून गेली.