सात ते साडेसात

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले आणि चाळीस वर्षं तोंडाचा पट्टा चालू ठेवला. दुकानात एक सोय असते, गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही. मान वस्तऱ्याखाली असते. पुढे हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं, आई तर त्याआधीच गेली होती. मग ऐकायला उरले मी एकटी.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या करून देतो. मेणाचं काम जिच्याकडे आहे तिला मी मेणबाई म्हणते. तासणं, घासणं माझ्याकडे. दिवसभर कानाशी यंत्राची किरकिर. संध्याकाळी सातला दार उघडावं, तर चप्पल काढायच्या आत, "लवंगे, आज काय झालं माहितेय?"

काय व्हायचंय डोंबल! समोरच्या गच्चीवरची चादर उडाली. त्या चादरीवरून त्यांना एक गिऱ्हाईक आठवलं, गिऱ्हाइकावरून त्याची सासू. सासूपर्यंत पोचेस्तोवर माझं डोकं पिकून गळायला यायचं. लवंगी हे माझं खरं नाव नव्हे बरं का. लहानपणी माझा राग बघून त्यांनीच ठेवलेलं. राग अजून तसाच आहे.

मी ओरडायचे. मग वाईट वाटायचं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायचे. एकदा तर घरी जायचं जिवावर आलं म्हणून खालच्या जिन्यात वीस मिनिटं बसून राहिले. हे मेणबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बये, मनाला कुंपण घाल जरा. रोज अर्धा तास फक्त तुझा. त्यात कुणी पाय टाकायचा नाही."

"आणि बापाने टाकला तर?"

"बापानेसुद्धा नाही. शांतपणे सांग. ओरडू नकोस."

तसं सांगितलं. सात ते साडेसात मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार. खुर्चीच्या हातावर पिवळा टॉवेल टाकला की माझ्याशी कुणी बोलायचं नाही. टॉवेल त्यांच्याच दुकानातला, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळायचा. मला वाटलं, आता रुसतील. पण बाबा खुशीत हसले. "म्हणजे दुकान बंदची पाटी! कळलं."

आणि पाळलं हो त्यांनी. समोर स्टुलावर बसायचे, हात गुडघ्यांवर, नजर घड्याळावर. साडेसातला उठायचे, टॉवेल उचलून सवयीने फटकन झटकायचे आणि सुरू, "तर, काय सांगत होतो..."

खोटं कशाला बोलू, मला फार सुख लागलं. डोळे मिटून बसायचे. आधी यंत्राची किरकिर कानातून जायची, मग दिवसभराची चिडचिड. झोप लागायला लागली. चादरीच्या गोष्टीवर हसूसुद्धा यायला लागलं. तीन महिने आमचं घर खरंच चांगलं चाललं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मी उगाच केलं. उगाच नव्हतं ते.

चौथ्या महिन्यात बाबा कमी बोलायला लागले. साडेसातला टॉवेल झटकायचे, "तर," म्हणायचे आणि थांबायचे. मग हातानेच खूण करायचे, जाऊ दे. एकदा किल्ली मागताना "कात्री दे" म्हणाले. मी हसले, तेही हसले. मेणबाईला मी ऐटीत सांगितलं, "सुधारले बघ बाबा! आता दिवसभर शांत असतात." तिने माझी पाठ थोपटली.

मग एका रविवारी त्यांनी कवळी काढून माझ्यापुढे धरली आणि डाव्या गालावर बोट ठेवलं. जेवताना त्या बाजूने घास बाहेर यायचा, हे मी पाहिलं होतं. कवळी मीच केलेली. मला राग आला, बाबांचा नव्हे, माझ्या कामाचा. कारखान्यात नेली, डावी बाजू तासली, खाली भर घातली, पुन्हा घासली. दोनदा. तिसऱ्यांदा नेली तेव्हा मेणबाई म्हणाली, "कवळी तर चोख आहे गं. तोंड बघू त्यांचं." आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आली.

दारात बाबा उभे होते. मेणबाई थबकली. हळूच म्हणाली, "बाबांनी अर्धीच दाढी का केलीय?"

मी बघितलं. उजवा गाल गुळगुळीत. डाव्यावर आठवड्याचे पांढरे खुंट. चाळीस वर्षं ज्याने गिऱ्हाइकाच्या कानामागचा एक केस सोडला नाही, तो माणूस अर्धा चेहरा विसरला होता. डावा ओठ खाली उतरला होता. इतके दिवस मी त्या तोंडात बोटं घालत होते, आणि मला दिसले होते फक्त दात.

"बाबा, काय होतंय? बोला ना!"

त्यांनी तोंड उघडलं. "कात्री," म्हणाले. मग घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडाला धरला. मेंदूत लहान लहान झटके येऊन गेले होते, एक नव्हे, बरेच. "बोलणं कधीपासून कमी झालंय?"

"महिना झाला असेल."

"मग आणलं का नाही?"

काय सांगू? म्हटलं, "मला बरं वाटत होतं."

त्यांनी फोटो खाली ठेवला. पहिल्या झटक्यालाच आणलं असतं तर पुढचे कदाचित टळले असते, म्हणाल्या. आता गेलेले शब्द किती परत येतील सांगता येत नाही. बाहेर बाकावर मेणबाई रडत होती, "मीच तुझ्या डोक्यात भरवलं." मी तिला गप्प केलं. तिने अर्धा तास सांगितला होता. उरलेले साडेतेवीस तास त्यांच्याकडे बघायला तिने कुठे मनाई केली होती?

घरी आणल्यावर मी टॉवेल कपाटात तळाशी कोंबला. बोलायला शिकवणाऱ्या ताई आल्या, चित्रांचे पत्ते देऊन गेल्या. रोज ठरावीक वेळी समोर बसा, बोलतं करा, म्हणाल्या. मी सातची वेळ ठरवली. दुसरी कुठली ठरवणार?

पहिल्याच दिवशी मी पत्ते मांडेपर्यंत बाबा उठले. डावा पाय ओढत कपाटाशी गेले, बराच वेळ खुडबुड केली. टॉवेल घेऊन आले आणि माझ्या खुर्चीच्या हातावर नीट, सुरकुत्या काढत ठेवला. मग स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर, नजर घड्याळावर.

"बाबा, नको आता ते. मी ऐकायला बसलेय. बोला."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी टॉवेल काढला, तर वाकून पुन्हा ठेवला आणि डोळे वटारले, नियम म्हणजे नियम. शेवटी मीही बसून राहिले. डोळे मात्र मिटले नाहीत. त्यांच्या डाव्या गालाकडे बघत राहिले. दाढी आता मी करते, नीट जमत नाही.

साडेसात वाजले. बाबा उठले. एका हाताने टॉवेल उचलला, झटकायला गेले, तो खाली पडला. मी उचलून दिला. त्यांचे डोळे चमकले, अगदी पहिल्यासारखे.

"तर," म्हणाले.

"हां बाबा. मग?"

ओठ हलले. मी थांबले. अख्खी संध्याकाळ थांबायची तयारी होती माझी.

"तर," बाबा म्हणाले. "तर. तर."